हाताखालचा गुरु
(अमेरिकन कॉलेजांतील फुटबॉलच्या साहाय्यक कोचाचा जीवनक्रम)

देवळाचा कळस दुरून येणाऱ्या वाटसरूसहि दिसतो. पायांतले दगड मात्र देवळांत नित्य येणाऱ्या भाविकासहि दिसत नाहींत. खेळाच्या मैदानावर हाच न्याय चालतो. सामना जिंकला म्हणजे कप्तानाचें नांव होतें, मुख्य शिक्षकाची तसबीर वर्तमानपत्रांत छापली जाते. परंतु रोज सायंकाळीं चार-सहा मुलांना बाजूला घेऊन त्यांच्या पावलांची चूक शंभर वेळां सुधारणारा जो हाताखालचा गुरु, त्याची आठवण फारशी कोणास होत नाहीं. अशा गुरूचा जीवनक्रम कसा असतो, तो कोणत्या पायऱ्या चढतो, कोठें घसरतो आणि शेवटीं त्याच्या पदरीं काय पडतें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. उदाहरणासाठीं अमेरिकेंतील कॉलेजांचा फुटबॉल घेतला आहे. कारण साहाय्यक कोचाच्या पेशाला त्या देशांत जितकें शिस्तबद्ध तितकेंच बेभरंवशाचें रूप आलेलें आहे.

खेळाचें स्वरूप

आपल्या मैदानांवर आपण ज्याला फुटबॉल म्हणतों तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो. तो हातांत घेऊन पळतां येतें, पुढें फेकतां येतो आणि प्रसंगीं लाथाडतांहि येतो. मैदानाची लांबी १०० यार्ड. दोन्ही पक्षांचे अकरा-अकरा गडी. चढाई करणाऱ्या पक्षानें चार प्रयत्नांत चेंडू निदान १० यार्ड पुढें न्यावा, असा नियम आहे. तितकें साधलें तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात. न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं जातो. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला म्हणजे सहा गुण मिळतात.

रट्गर्स व प्रिन्स्टन ह्या दोन कॉलेजांत ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं झालेल्या सामन्यापासून ह्या खेळाचा इतिहास मोजतात. १९०६ सालीं चेंडू पुढें फेकण्याची मोकळीक मिळाली, आणि नुसत्या रेटारेटीच्या जागीं युक्तीला वाव आला. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ क्षणभर थांबतो. त्या क्षणांत पुढचा डाव ठरतो. म्हणूनच ह्या खेळांत बुद्धिबळाप्रमाणें आधीं आंखणी करणाऱ्याचें महत्त्व वाढलें. पूर्वीं तेच अकरा गडी चढाईहि करीत आणि बचावहि करीत. परंतु १९६५ पासून कॉलेजांच्या नियमांनीं गडी हवे तेव्हां बदलण्यास मुभा दिली, आणि चढाईचे गडी निराळे, बचावाचे निराळे, लाथ मारणारे निराळे, अशी विभागणी कायमची झाली. गडी वांटले गेले तसे शिक्षकहि वांटले गेले. वरच्या श्रेणींतील कॉलेजांना मैदानावर शिकविणारे साहाय्यक कोच किती ठेवावे ह्यालाहि पुढें मर्यादा घालावी लागली. ती २०१८ सालीं नवांवरून दहांवर नेण्यांत आली, व २०२४ सालीं सैल करण्यांत येऊन इतर नोकरवर्गालाहि शिकविण्याची परवानगी मिळाली.

पायऱ्या

ह्या पेशाची पहिली पायरी म्हणजे उमेदवारी. कॉलेजांत चार वर्षें खेळलेला तरुण पुढील पदवीसाठीं नांव दाखल करतो. त्याची फी माफ होते, पोटापुरता भत्ता मिळतो, आणि मोबदल्यांत तो कोचांच्या हाताखालीं राबतो. प्रतिपक्षाच्या मागील सामन्यांचीं चित्रें पाहून त्यांचे डाव एकेका कार्डावर रेखाटणें हें त्याचें मुख्य काम. तीं कार्डें दाखवून दुय्यम गड्यांकडून शत्रूची नक्कल करवून घेतात, म्हणजे मुख्य संघाला शनिवारीं काय समोर येणार तें मंगळवारींच कळतें. ह्याशिवाय पाहुण्यांना विमानतळावरून आणणें, रात्रीं उशिरां जेवण मागविणें, सांगितलेली प्रत्येक क्षुल्लक गोष्ट न विसरणें, हीं कामें आहेतच. ज्याला हीं कामें हलकीं वाटतात तो बहुधा येथूनच घरीं जातो.

दुसरी पायरी म्हणजे एका जागेचा कोच. एकाकडे धांवणारे गडी, दुसऱ्याकडे चेंडू झेलणारे, तिसऱ्याकडे मागल्या फळींतील बचावाचे. ह्याच्या वर्गांत जेमतेम दहा-पंधरा विद्यार्थी. परंतु त्यांचें पाऊल, त्यांची नजर, त्यांचा अभ्यास, त्यांचें घरचें दुःख, सर्व ह्यालाच ठाऊक असावें लागतें. शिवाय नवे विद्यार्थी मिळवून आणण्याची जबाबदारी ह्याच्यावरच. हायस्कुलांतील होतकरू मुलगा हुडकून काढावा, त्याच्या गांवीं जावें, त्याच्या आईच्या स्वैंपाकघरांत बसून तिची खात्री पटवावी, आणि इतकें करूनहि मुलानें शेवटच्या दिवशीं दुसऱ्याच कॉलेजाचा कागद सही करून पाठवावा, असा हा व्यवहार आहे. गड्यांनीं आठवड्यांत २० तासांहून अधिक वेळ ह्या कामीं घालवूं नये असा कॉलेजांचा नियम आहे. कोचांच्या तासांना मात्र मर्यादा नाहीं.

तिसरी पायरी समन्वयकाची. चढाईचा एक व बचावाचा एक असे दोन समन्वयक असतात. त्यांच्या हाताखालीं इतर साहाय्यक असतात, आणि सामन्यांत प्रत्येक डाव हेच पुकारतात. कांहीं जण मैदानाच्या कडेला उभे राहतात, तर कांहीं वरच्या मजल्यावरील काचेच्या खोलींत बसून कानाला लावलेल्या यंत्रांतून खालीं निरोप देतात. ह्या पायरीवरून मग मुख्य कोचाची जागा दिसूं लागते. परंतु दिसणें निराळें आणि मिळणें निराळें. जागा थोड्या व उमेदवार फार.

आणि येथेंच ह्या पेशांतील खरी जोखीम आहे. मुख्य कोचाला काढलें म्हणजे त्याच्या जागीं येणारा नवा मनुष्य आपलीं माणसें घेऊन येतो. जुन्या साहाय्यकांनीं आपलें काम कितीहि चोख केलेलें असो, त्यांना बहुधा घर आवरावें लागतें. मुलांची शाळा अर्धवट, पत्नीची नोकरी अर्धवट, आणि दरवाजावर नव्या गांवाला नेणारी सामानाची गाडी. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तें ह्यांना अक्षरशः लागू पडतें.

एक उदाहरण : सतरा वर्षांची वाट

निक सेबन हे नांव आज ह्या खेळांत सर्वांत मोठ्या मुख्य कोचांपैकीं एक म्हणून घेतात. पण त्यांचा जन्म कांहीं मुख्य कोच म्हणून झाला नाहीं. १९५१ सालीं पश्चिम व्हर्जिनियाच्या कोळशाच्या खाणींच्या मुलुखांत ते जन्मले. वडिलांचा पेट्रोलचा पंप होता, आणि तेच गांवांतील मुलांच्या फुटबॉल संघाला शिकवीत. पंपावर येणाऱ्या मोटारी धुण्याचें काम लहानग्या निककडे असे. काळ्या व निळ्या मोटारींचा त्याला कंटाळा. कारण त्यांवर पुसल्याची एक रेघ जरी राहिली, तरी वडील सबंध मोटार पुन्हां धुवावयास लावीत. ही आठवण पुढें त्यांनीं स्वतः अनेकदां सांगितली आहे.

ओहायो संस्थानांतील केंट स्टेट विद्यापीठांत ते शिकले व खेळले. ४ मे १९७० रोजीं त्याच विद्यापीठाच्या आवारांत युद्धाविरुद्ध निदर्शनें करणाऱ्या विद्यार्थ्यांवर नॅशनल गार्डच्या शिपायांनीं गोळीबार केला, व चार विद्यार्थी ठार झाले. तेव्हां सेबन पहिल्या वर्षांत होते. १९७३ मध्यें पदवी झाली. कोच होण्याचा त्यांचा मुळींच विचार नव्हता. परंतु पत्नीचें शिक्षण पुरें व्हावयाचें होतें, तोंवर त्याच गांवीं राहणें प्राप्त होतें, आणि संघाचे मुख्य कोच डॉन जेम्स यांनीं त्यांना उमेदवारीची जागा देऊं केली. वेळ काढण्यासाठीं धरलेलें काम जन्माचें झालें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत वडील वयाच्या ४६ व्या वर्षीं हृदयविकारानें एकाएकीं वारले. पहिला गुरु गेला, आणि शिष्याची उमेदवारी नुकतीच सुरू झाली होती.

पुढचा प्रवास पाहा. केंट स्टेट १९७६ पर्यंत. १९७७ सालीं सिरॅक्यूज. १९७८ व ७९ पश्चिम व्हर्जिनिया. १९८० व ८१ ओहायो स्टेट. ह्या शेवटल्या ठिकाणीं हंगाम संपतांच बचावाच्या साहाय्यकांना काढण्यांत आलें, त्यांत सेबनहि होते. १९८२ हें वर्ष त्यांनीं आरमारी अकॅडमींत काढलें; १९८३ ते ८७ मिशिगन स्टेट येथें; १९८८ व ८९ ह्यूस्टनच्या धंदेवाईक संघांत. म्हणजे सतरा वर्षांत सात बिऱ्हाडें! तेव्हां कोठें १९९० सालीं टोलेडो विद्यापीठानें त्यांना मुख्य कोच केलें. त्या हंगामांत नऊ सामने जिंकले व दोन हरले. आतां तरी मनुष्य स्थिरावला असें वाटेल. पण एका वर्षांतच ती जागा सोडून ते क्लीव्हलंडच्या धंदेवाईक संघांत बिल बेलिचिक यांचे हाताखालीं बचावाचे समन्वयक म्हणून गेले. मानाची पायरी एक उतरले, कारण विद्येची पायरी तेथें वर होती. चार वर्षें तेथें राहून १९९५ मध्यें ते मिशिगन स्टेटला मुख्य कोच म्हणून परतले. पुढें लुइझियाना स्टेट विद्यापीठाबरोबर २००३ च्या हंगामाचें व अलाबामाबरोबर २००९, २०११, २०१२, २०१५, २०१७ व २०२० ह्या हंगामांचें, अशीं सात राष्ट्रीय अजिंक्यपदें त्यांनीं मिळविलीं, आणि जानेवारी २०२४ मध्यें निवृत्ति पत्करली.

ह्या कथेची दुसरी बाजूहि लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कर्बी स्मार्ट हे सेबन यांचे अनेक वर्षांचे साहाय्यक. अलाबामाच्या बचावाचा भार त्यांच्यावर होता. ते जॉर्जिया विद्यापीठाचे मुख्य कोच झाले, आणि १० जानेवारी २०२२ रोजीं अंतिम सामन्यांत त्यांच्या संघानें सेबन यांच्याच संघाला ३३ विरुद्ध १८ गुणांनीं हरविलें. शिष्याकडून पराभव व्हावा अशी इच्छा आपल्याकडील गुरु करीत असे म्हणतात. अमेरिकन गुरु ती इच्छा करीत नसेल. पण त्यानें शिष्याला शिकवितांना कांहीं राखून ठेवलें नव्हतें, हें तर त्या दिवशीं सिद्ध झालें.

जो वर चढलाच नाहीं

मुख्य होणें हेंच यश, असें मात्र समजूं नये. आरमारी अकॅडमींत सेबन एक वर्ष होते, तेव्हां तेथें स्टीव्ह बेलिचिक नांवाचे एक वृद्धत्वाकडे झुकलेले साहाय्यक कोच होते. हायरम नांवाच्या लहानशा कॉलेजांत मुख्य कोच, नंतर व्हँडरबिल्ट व उत्तर कॅरोलायना येथें साहाय्यक, असें करीत ते १९५६ सालीं अकॅडमींत आले, आणि ३३ वर्षें तेथेंच राहिले. मुख्य कोच आले आणि गेले, स्टीव्ह तेथेंच. ह्याचें एक कारण असें कीं, त्यांना शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाची कायम जागा मिळालेली होती. त्यामुळें कोणी नवा मुख्य आला तरी त्यांच्या चुलीवर पाणी पडत नसे. प्रतिपक्षाचा खेळ आधीं जाऊन पाहणें व त्याचें मर्म टिपून आणणें ही त्यांची खास विद्या होती, आणि १९६२ सालीं त्या विषयावर त्यांनीं एक पुस्तकहि लिहिलें.

त्यांचा एकुलता मुलगा नऊ-दहा वर्षांचा असतांना बापाशेजारीं बसून सामन्यांच्या फिती पाही. तोच मुलगा म्हणजे वर उल्लेखिलेले बिल बेलिचिक. धंदेवाईक फुटबॉलमध्यें न्यू इंग्लंड संघाचे मुख्य कोच म्हणून त्यांनीं सहा वेळां अजिंक्यपद मिळविलें. आणि डिसेंबर २०२४ मध्यें, वयाच्या ७२ व्या वर्षीं, त्यांनीं उत्तर कॅरोलायना विद्यापीठाच्या मुख्य कोचाची जागा पत्करली. सुमारें सत्तर वर्षांपूर्वीं त्यांचे वडील तेथेंच साहाय्यक होते. वडील २००५ मध्यें निवर्तले होते. त्यांना ही घटना पाहावयास मिळाली नाहीं. तथापि पायांतील दगड कोठें कोठें पोंचतो, ह्याचें हें उत्तम उदाहरण होय.

शिडी सर्वांस सारखी नव्हती

सत्य सांगावयाचें तर ही शिडी सर्वांस सारखीच खुली होती असें नाहीं. दक्षिणेंतील मोठमोठ्या विद्यापीठांच्या संघांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना कित्येक दशकें प्रवेशच नव्हता; प्रवेश मिळाल्यावर ते गडी झाले, पुढें साहाय्यकहि झाले, परंतु मुख्य जागेचें दार बंदच राहिलें. वरच्या श्रेणींतील एका विद्यापीठानें कृष्णवर्णीय मुख्य कोच नेमला तो प्रथम १९७९ सालीं. विली जेफ्रीझ हे त्यांचें नांव, व विचिटा स्टेट हें तें विद्यापीठ.

सिल्व्हेस्टर क्रूम हे अलाबामाच्या टस्कालूसा गांवचे. अलाबामा विद्यापीठांत खेळलेल्या पहिल्या कांहीं कृष्णवर्णीय गड्यांपैकीं ते एक. तेथेंच १९७६ पासून त्यांनीं उमेदवारी व नंतर साहाय्यकी केली. १९८७ पासून धंदेवाईक संघांत टॅम्पा बे, इंडियानापोलिस, सॅन डिएगो, डिट्रॉइट, ग्रीन बे असा प्रवास केला. २००३ सालीं त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठांत मुख्य कोचाची जागा मोकळी झाली; त्यांची मुलाखतहि झाली; परंतु निवड वयानें व अनुभवानें लहान अशा दुसऱ्याची झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मिसिसिपी स्टेट विद्यापीठानें त्यांना बोलाविलें, आणि १९३२ सालीं स्थापन झालेल्या आग्नेय विभागाच्या कॉलेजसंघांत पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच झाला. सत्तावीस वर्षांची ती तपश्चर्या होती.

पुढची हकीगत गोड शेवटाची नाहीं. २००७ मध्यें त्यांच्या संघानें आठ सामने जिंकले. परंतु पुढचें वर्ष वाईट गेलें, व त्यांनीं राजीनामा दिला. त्यानंतर मात्र ते घरीं रुसून बसले नाहींत. धंदेवाईक संघांत धांवणाऱ्या गड्यांना शिकविण्याचें जुनें काम त्यांनीं पुन्हां हातीं घेतलें. ज्यानें दार उघडलें त्याला आंत फार काळ बसावयास मिळालें नाहीं. पण दार उघडलें तें उघडलेंच.

पित्याचा मुख्य पुत्र

शेवटचें उदाहरण सर्वांत जुनें आहे. ॲमोस ॲलोन्झो स्टॅग यांचा जन्म १८६२ चा. धर्मोपदेशक व्हावें ह्या हेतूनें ते येल येथें शिकावयास गेले. पण व्यासपीठावर आपली वाणी चालत नाहीं असें त्यांना आढळून आलें, आणि तरुणांना घडविण्याचें तेंच काम मैदानावर करावें असा त्यांनीं निश्चय केला. काहीं काळ ते स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत होते. (ह्याच संस्थेंतून आलेले हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रास येथें शारीरिक शिक्षणाचें कॉलेज काढलें.) १८९२ पासून १९३२ पर्यंत एकेचाळीस हंगाम ते शिकागो विद्यापीठाचे कोच होते. वय सत्तर झालें म्हणून त्यांना निवृत्त करण्यांत आलें, तेव्हां ते कॅलिफोर्नियांत जाऊन दुसऱ्या कॉलेजांत शिकवूं लागले, आणि ८१ व्या वर्षीं, १९४३ सालीं, त्यांच्या समव्यवसायी बांधवांनीं त्यांची वर्षांतील श्रेष्ठ कोच म्हणून निवड केली.

१९४७ सालीं ते पेन्सिल्व्हेनियांतील सस्कहॅना विद्यापीठांत गेले. तेथें त्यांचा मुलगा कोच होता. त्याच्या जोडीला १९५२ पर्यंत पित्यानें काम केलें. तीनशेंहून अधिक सामने जिंकलेला हा भीष्माचार्य त्यानंतर स्टॉक्टन येथील एका लहान कॉलेजांत साहाय्यक म्हणून मुलांना चेंडूला लाथ कशी मारावी एवढेंच शिकवीत असे. १९६० सालीं, वयाच्या ९८ व्या वर्षीं, तें काम त्यांनीं थांबविलें. १९६५ सालीं १०२ वर्षांचे होऊन ते वारले. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत चढणारे पुष्कळ. परंतु शेवटच्या पायरीवरून संतोषानें पहिल्या पायरीवर येऊन बसणारा हा एखादाच.

उपसंहार

विद्यार्थिमित्रहो, ह्या चार चरित्रांतून कोणता बोध घ्यावा? हाताखालीं काम केलें म्हणजे एक दिवस वरची जागा मिळतेच, असा बोध कोणी काढूं नये. तो खरा नाहीं. सेबन यांना ती मिळाली, क्रूम यांना उशिरां मिळून लवकर गेली, स्टीव्ह बेलिचिक यांनीं ती पुन्हां मिळविलीच नाहीं, आणि स्टॅग यांनीं ती भोगून वर दुय्यमपणहि आनंदानें भोगलें. चौघांत समान एकच गोष्ट आहे : समोर उभ्या असलेल्या पांच-दहा मुलांना आज जें शिकवावयाचें, तें त्यांनीं उद्याच्या बढतीकडे पाहून कधीं पातळ केलें नाहीं.

आपल्यापैकीं बहुतेकांच्या वांट्याला आयुष्याचा मोठा भाग कोणाच्या तरी हाताखालींच काढणें येणार आहे. कचेरींत, कारखान्यांत, दवाखान्यांत, शाळेंत. पी हळद आणि हो गोरी, अशी घाई ज्यांस आहे त्यांना तो काळ तुरुंगासारखा वाटेल. पण मोटारीवरची शेवटची रेघ पुसली जाईपर्यंत जो हात थांबवीत नाहीं, त्याला तोच काळ शाळेसारखा वाटतो. आपल्या शाळेच्या मैदानावरहि सामन्याच्या दिवशीं कडेला उभें राहून पाण्याच्या बाटल्या भरणारा, पट्ट्या बांधणारा, लहानांना चेंडू कसा अडवावा तें दाखविणारा कोणी तरी असतोच. पुढच्या सामन्याला गेलांत म्हणजे कप्तानासाठीं टाळी वाजवून झाल्यावर एकदां त्याच्याकडेहि वळून पाहा.